वाचकांचे प्रश्न : अमेरिकी सैन्याचे पॅच, त्यांची घडण आणि त्यांचा खरेपणा

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैन्याच्या चिन्हांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांत सोलापूरची पत्रे सर्वाधिक आहेत, आणि त्याचे मला आश्चर्य वाटले नाही. सूत, वीण आणि रंग नुसत्या बोटांनी ओळखणाऱ्यांचे हे शहर आहे आणि हा छंद शेवटी सुताच्या परीक्षेवरच उभा आहे. खांद्यावर शिवल्या जाणाऱ्या कापडी चिन्हाला संग्राहक ‘पॅच’ म्हणतात आणि धातूच्या चिन्हाला ‘बिल्ला’. खालच्या उत्तरांत मी तेच शब्द वापरले आहेत.

प्रश्न : माझे आजोबा युद्धाच्या काळात देवळालीच्या छावणीबाहेर शिंपीकाम करीत असत व नंतर ते सोलापूरला परतले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत ढालीच्या आकाराचे, जरीने भरलेले तीन पॅच सापडले. खालच्या भागात तांबडे-पांढरे उभे पट्टे असून वरच्या निळ्या भागात डावीकडे सूर्य आणि उजवीकडे तारा आहे. सोबत त्याच नक्षीचा, टाचणीने भोके पाडलेला एक जीर्ण कागदही आहे. एका विक्रेत्याने, पॅच अमेरिकेत तयार झालेले नसल्यामुळे ते नकली आहेत, असे सांगून तिन्ही अगदी थोड्या रकमेला मागितले आणि कागद टाकून द्यायला सांगितले. आम्ही काय करावे? (एक वाचक, अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : तो कागद टाकू नका. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे, आणि ती टाकून देण्याचा सल्ला आपल्याला मिळावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

आधी चिन्हाविषयी लिहितो. ढालीवरचे तांबडे-पांढरे पट्टे अमेरिकेचे, डावीकडचा बारा किरणांचा सूर्य चीनच्या तत्कालीन राष्ट्रीय सरकारचा आणि उजवीकडचा पाच टोकांचा तारा हिंदुस्थानचा. चीन, ब्रह्मदेश आणि हिंदुस्थान मिळून झालेल्या युद्धक्षेत्रातील अमेरिकी सैनिकांचे हे चिन्ह असून संग्राहक त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीबीआय’ म्हणतात. १९४२ च्या पहिल्या काही महिन्यांत या क्षेत्राची सूत्रे जनरल जोसेफ स्टिलवेल यांच्याकडे आली. त्याच सुमारास ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने चीनला जाणारा खुष्कीचा मार्ग तुटला, आणि मग आसामच्या धावपट्ट्यांवरून डोंगररांगा ओलांडून कुन्मिंगपर्यंत विमानांनी माल पोचवायचा व दुसरीकडे लेडोपासून नवा रस्ता काढायचा, असे दुहेरी काम अमेरिकी सैन्याने अंगावर घेतले. चीनचे नाव निघाले की सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि ते याच काळात, ९ डिसेंबर १९४२ रोजी, तेथे निवर्तले. मात्र त्यांनी ज्यांच्या जखमा बांधल्या ते कम्युनिस्टांचे सैन्य होते. आपल्या पॅचवरचा सूर्य च्यांग कै-शेक यांच्या सरकारचा आहे. हा फरक लक्षात ठेवावा, कारण घरच्या आठवणींत अशा गोष्टी सहज एकमेकींत मिसळतात.

आता ‘नकली’ या शब्दाविषयी. मराठीत ‘बनावट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, घडण आणि खोटेपणा, आणि या छंदात नेमकी त्या दोहोंची गल्लत होते. वस्तू कोणत्या देशात घडली यावरून तिचा खरेपणा ठरत नाही. ती कोणत्या काळात घडली आणि कोणाच्या वापरासाठी घडली यावरून तो ठरतो. अमेरिकेतल्या कारखान्यांतून निघालेले पॅच समुद्रापार वेळेवर आणि पुरेसे पोचत नसत. इकडे छावणीच्या दारात बसलेला शिंपी तेच चिन्ह रेशमावर, लोकरी कापडावर, कातड्यावर किंवा जरीत काही दिवसांत करून देत असे. सैनिक ते हौसेने गणवेशावर लावत आणि तसेच मायदेशी नेत. त्यामुळे हिंदुस्थानात घडलेल्या सीबीआय पॅचला अमेरिकेतले जाणते संग्राहकही मूळ वस्तूच मानतात, आणि चांगल्या जरीकामाच्या नगासाठी कारखान्यातल्या नगापेक्षा अधिक किंमत आनंदाने देतात.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाराणसीकडे असे जरीचे पॅच आणि चिन्हे आजही हाताने भरली जातात. कारागिरी तीच, टाका तोच; म्हणूनच या प्रकारात जुने आणि नवे वेगळे करणे सर्वांत अवघड आहे. तिन्ही पॅच भिंगाखाली पाहा. जुन्या कामात ‘सलमा’ म्हणजे स्प्रिंगसारखी पोकळ तार लहान लहान तुकडे करून, मणी ओवावेत तशी टाचलेली असते. ती धातूची असेल तर वाकवल्यावर वाकलेलीच राहते, आणि इतक्या वर्षांनी तिच्यावर काळसर, कुठे तपकिरी छटा येते. ही छटा फक्त वर नसावी; दोन तारांच्या मधल्या फटीत आणि टाक्याच्या कडेलाही असावी. तार चकचकीत पिवळी असून नखाने दाबल्यावर परत उसळत असेल, तर तिच्या आत प्लास्टिक आहे असे समजावे. साडीच्या पदराची जर पारखणाऱ्या घरातील स्त्रियांना हे माझ्यापेक्षा चांगले कळेल. मागच्या बाजूचे अस्तर, आतला कागद वा पुठ्ठा आणि खळ यांचेही वय जरीच्या वयाशी जुळले पाहिजे. काळवंडलेल्या जरीमागे पांढरे शुभ्र कृत्रिम कापड असेल तर शंका घ्यावी.

आपल्या पॅचच्या कडेला शिवणीची भोके नसतील, तर त्याने बिचकू नका. वापरलेल्या पॅचला भोके असतात हे खरे, पण आपले नग शिंप्याच्या घरात उरलेले आहेत, ते गणवेशावर चढलेच नसतील.

आणि आता तो कागद. भरतकामाचा हा खाका आहे. नक्षीच्या रेषांवर टाचणीने टोचायचे, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा किंवा खडूच्या पुडीचा बोळा वरून फिरवायचा, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी नक्षी कापडावर उतरते. आपल्या कागदावर भोकांभोवती निळसर वा पांढरट डाग आहे का ते पाहा. असेल तर तो कागद प्रत्यक्ष वापरला गेला आहे. नंतर कागद आणि तिन्ही पॅच शेजारी शेजारी ठेवून, बाजूला मोजपट्टी मांडून, सरळ वरून छायाचित्र घ्या आणि ते मोठे करून बघा. हाताने टोचलेल्या खाक्यात कुठे तरी चूक असतेच. एखादा किरण आखूड असतो, एखादा पट्टा तिरका उतरलेला असतो. तीच चूक तिन्ही पॅचवर त्याच जागी सापडली, तर हे पॅच त्याच खाक्यावरून उतरले, असे आपण निःशंकपणे म्हणू शकाल. पॅच जगात पुष्कळ आहेत, पण पॅच आणि त्याचा खाका एकाच घरात, एकाच ट्रंकेत, कारागिराच्या नावासह मिळणे किती दुर्मीळ असेल याची कल्पना करा. असे एकही उदाहरण मी स्वतः हाताळलेले नाही.

एक सावधगिरीची सूचना. १९४३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबई बंदरात उतरून काही काळ देवळालीला राहिलेली एक अमेरिकी पलटण पुढे फ्रँक मेरिल यांच्या नेतृत्वाखाली ब्रह्मदेशाच्या जंगलात लढली आणि ‘मेरिल्स मरॉडर्स’ या नावाने गाजली. आपल्या आजोबांनी त्यांच्यासाठीच पॅच केले, असे म्हणण्याचा मोह आपल्याला होईल आणि विकत घेणाऱ्यालाही होईल. कागदोपत्री आधार नसेल तर तसे लिहू नका. आजोबांची हकीकत ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकली असेल, अशा आत्या वा काका हयात असतील तर त्यांच्याकडून ती लिहून घ्या. कोणी सांगितले, कोणत्या तारखेला सांगितले, त्यांनी स्वतः पाहिले की ऐकले, हे त्यात स्पष्ट नोंदवा. पॅच विकायचे की ठेवायचे हा घरचा निर्णय आहे. पण विकायचेच झाले तर तिन्ही पॅच, खाका आणि ही नोंद यांची ताटातूट होऊ देऊ नका.

प्रश्न : मी टॉवेलच्या कारखान्यात प्रोसेसिंग विभागात आहे. अतिनील बॅटरीच्या उजेडात जो पॅच चमकत नाही तो युद्धकाळातला आणि चमकतो तो नवा, असे सांगतात. ही परीक्षा पुरेशी आहे का? (एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

उत्तर : पुरेशी नाही, पण उपयोगी आहे, आणि तिचे मर्म आपल्याइतके कोणाला समजणार? पांढऱ्या टॉवेलला शुभ्रता आणण्यासाठी आपल्या विभागात जे ऑप्टिकल व्हाइटनर वापरतात, आणि ज्याला घरोघरी टिनोपॉल किंवा राणीपाल म्हणतात, तेच या चमकेमागे असते. असे पदार्थ कापडाच्या आणि धुलाईच्या धंद्यात युद्धानंतर सर्वत्र पसरले. म्हणून युद्धकाळातले सुती सूत त्या उजेडात मंद राहते आणि नंतरचे सूत बहुधा निळसर पांढरे पेटून उठते.

परंतु जुना, अस्सल पॅच पुढे एखाद्या गृहिणीने गणवेशासकट आधुनिक साबणपावडरीत धुतला असेल, तर तोही चमकेल. अशा वेळी चमक कुठे आहे ते पाहावे. धुलाईची चमक साधारणपणे सगळीकडे, पुढेमागे, फिकट रंगांच्या सर्व सुतांवर पसरलेली असते. एकाच रंगाचे सूत टोकदारपणे चमकत असेल आणि शेजारचे तितकेच फिकट सूत काळोखात असेल, तर ते सूतच नवे असण्याची शक्यता अधिक. उलटपक्षी, नकली माल करणाऱ्यांनाही ही परीक्षा ठाऊक झालेली आहे आणि ते मुद्दाम न चमकणारे सुती सूत वापरतात. बॅटरी ३६५ नॅनोमीटरची घ्यावी. ३९५ ची स्वस्त बॅटरी स्वतःच इतका जांभळा उजेड फेकते की त्यात चमक आणि परावर्तन वेगळे कळत नाही.

माझा अधिक भरवसा घडणीवर आहे. अमेरिकेत हे पॅच मुख्यतः ‘शिफ्ली’ नावाच्या भरतकाम यंत्रांवर निघत आणि न्यू जर्सी राज्याच्या उत्तर भागात या धंद्याचे मोठे केंद्र होते. शिफ्ली म्हणजे स्विस जर्मन बोलीत छोटी होडी. यंत्रातला धोटा होडीसारखा दिसतो म्हणून हे नाव पडले. रुंद कापडावर शेकडो सुया एकाच वेळी तीच नक्षी भरत आणि मग प्रत्येक पॅच कात्रीने वेगळा कापत. म्हणून युद्धकाळातल्या पॅचची कड सपाट, कापलेली असते आणि तिथे भरतकामाबाहेर कापडाची बारीकशी किनार किंवा सुताचे टोक राहून गेलेले दिसते. ओव्हरलॉक केल्यासारखी जाड, दोरीसारखी गोल वळलेली कड प्रामुख्याने १९६० च्या दशकापासून रूढ झाली. तशी कड असलेला पॅच कोणी ‘नॉर्मंडीत’, म्हणजे फ्रान्समधल्या १९४४ च्या लढाईत, ‘वापरलेला’ म्हणून दाखवला, तर पुढचे बोलणे ऐकण्याची गरज नाही. मागच्या बाजूला प्लास्टिकचा किंवा इस्त्रीने चिकटणारा थर असेल तरीही हेच.

सूत जाळून पाहण्याची आपल्या बाजारातली रीत इथेही चालते. मात्र पॅचमधून सूत ओढू नये, मागे आपोआप सुटलेले टोक असेल तरच घ्यावे. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख ठेवतो. पॉलिएस्टर आक्रसते आणि त्याचा कडक मणी बनतो. सुरुवातीच्या काळात मी हवाई छत्री दलाचा एक पॅच फार मोठी रक्कम देऊन घेतला होता आणि तो दोन वर्षे काचेत मांडून ठेवला होता. एके दिवशी मागचे सुटे टोक जाळले, तर कात्रीच्या पात्याला चिकटलेला काळा मणी हाती आला. त्यानंतर मी पॅच आधी उलटा करून पाहतो, सुलटा नंतर.

प्रश्न : तांबड्या चौकोनावर पिवळे स्वस्तिक असलेला पॅच अमेरिकी म्हणून विकायला होता. हे शक्य आहे का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : शक्य आहे. अमेरिकेच्या ४५ व्या पायदळ डिव्हिजनचे, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकडीचे, हे पहिले चिन्ह होते. ओक्लाहोमा, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि कोलोरॅडो या राज्यांतील नॅशनल गार्डची, म्हणजे राज्यांच्या राखीव सैन्याची, ती डिव्हिजन होती आणि तेथील मूळ रहिवाशांच्या परंपरेत स्वस्तिक शुभचिन्ह होते. नाझींनी तेच चिन्ह घेतल्यावर अमेरिकेने ते सोडले आणि १९३९ मध्ये त्याजागी थंडरबर्ड, म्हणजे मेघगर्जनेचा पौराणिक पक्षी, आणला. म्हणून स्वस्तिकाचा पॅच अस्सल असला तरी तो युद्धापूर्वीचा ठरतो. त्याला दुसऱ्या महायुद्धाच्या रणांगणाची हकीकत जोडलेली असेल तर ती हकीकत खोटी. या पॅचच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत, नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : वैमानिकाच्या पंखांचा बिल्ला मिळाला आहे. मागे ‘स्टर्लिंग’ असे कोरले आहे पण बिल्ला काळा पडला आहे. साफ कसा करावा आणि तो खरा असेल का? (एक वाचक, मुरारजी पेठ, सोलापूर)

उत्तर : कृपया साफ करू नका. चिंच, रांगोळी, पितांबरी, टूथपेस्ट यांपैकी काहीही नको. अनेक वर्षांपूर्वी मी असाच एक बिल्ला पितांबरीने घासून लख्ख केला. पिसांच्या खाचांतली काळी छटा गेली आणि मागचे आधीच पुसट झालेले कारखान्याचे नाव कायमचे मिटले. ती चूक मला आजही डाचते. मऊ सुती कापडाने धूळ टिपा, इतकेच पुरे.

स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. तांबे आणि पितळ दारूगोळ्यासाठी हवे असल्याने युद्धाच्या वर्षांत बिल्ल्यांसाठी चांदी सर्रास वापरली गेली, म्हणून हा शब्द काळाचा चांगला पुरावा आहे, पण एकटा पुरावा नाही. जुन्या साच्यांवरून नंतरही नग पाडले गेले, आणि हा शब्द कोणीही कोरू शकतो. पिसांच्या रेषा पाहा. ठशाने दाबून काढलेल्या मूळ बिल्ल्यात त्या तीक्ष्ण असतात, ओतीव नकलेत त्या साबणाची वडी झिजावी तशा बोथट होतात आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे राहतात. मागे सेफ्टी पिनेसारखी पिन असेल किंवा दोन खिळे व त्यांवर बसणाऱ्या दाबाच्या टोप्या असतील. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही प्रकार चालत. टोप्यांचा प्रकार त्याच युद्धात रूढ झाल्याने, पहिल्या महायुद्धाचा म्हणून दाखवलेल्या बिल्ल्याला तो असेल तर बिल्ला तरी नवा किंवा हकीकत तरी चुकीची. मागे कारखान्याच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षर आणि आकडा यांचा सांकेतिक क्रमांक असेल, तर बिल्ला युद्धानंतरचा समजावा.

प्रश्न : महाविद्यालयात शिकतो, खिशात फार पैसे नाहीत. सुरुवात कोणत्या पॅचपासून करावी? शिवाय एका डिव्हिजनचा पॅच मला दिसला, पण ती डिव्हिजन कुठे लढली याची माहितीच सापडत नाही, हे कसे? (एक वाचक, सात रस्ता, सोलापूर)

उत्तर : निळ्या वर्तुळात पंख असलेला पांढरा तारा आणि ताऱ्यात तांबडी टिकली, हा अमेरिकी हवाई दलाचा पॅच घ्या. १९४२ पासून तो प्रचंड संख्येने तयार झाला, त्यामुळे अस्सल नग आजही परवडतो आणि नक्कल करण्यात कोणाला फारसा फायदा नसतो. जपानी चिन्हाशी गल्लत होऊ नये म्हणून १९४२ च्या मे महिन्यात विमानांवरच्या ताऱ्यातली तांबडी टिकली काढून टाकली गेली, पॅचवरची मात्र तशीच राहिली. त्यामुळे ‘तांबडी टिकली आहे म्हणून दुर्मीळ’ असे सांगून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. असे चार-पाच साधे, खात्रीचे पॅच हाताळल्यावर बोटांना जे कळते ते कोणत्याही पुस्तकातून कळत नाही. १०१ व्या एअरबोर्न, म्हणजे हवाई छत्री दलाच्या, डिव्हिजनचा गरुड सर्वांनाच हवा असतो. तो शेवटी घ्यावा. मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक विकणे तेथे कायद्याने गुन्हा आहे, ते कोणी देऊ केले तर त्या माणसाशी व्यवहारच करू नये. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात अशा वस्तूंसाठी किमान शंभर वर्षांची अट आहे, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातील पॅच आज त्याखाली येत नाहीत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला फार आवडते. १९४४ मध्ये नॉर्मंडीऐवजी दुसरीकडेच हल्ला होणार असे जर्मनांना भासवण्यासाठी दोस्तराष्ट्रांनी कागदावरच एक मोठे सैन्य उभे केले, आणि त्यातल्या डिव्हिजनांसाठी रीतसर चिन्हेही आखली. ६, ९, १८, २१ आणि १३५ या क्रमांकांच्या एअरबोर्न डिव्हिजन त्यांतल्याच. सैनिक कधीच नव्हते, पण पॅच खरोखर तयार झाले. आपल्या पॅचवर यांपैकी क्रमांक असेल तर माहिती न सापडण्याचे कारण हेच. मात्र संग्राहकांच्या मागणीमुळे हे पॅच युद्धानंतरही काढले गेले, म्हणून कड आणि सूत पाहूनच किंमत ठरवावी.

प्रश्न : सोलापूरच्या उन्हाळ्यात पॅच कसे जपावेत? काही लोकरी आहेत आणि त्यांना कसर लागल्यासारखी वाटते. (एक वाचक, रेल्वे लाइन्स, सोलापूर)

उत्तर : पत्र्याचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर आधी ते हलवा. एप्रिल-मे महिन्यांत आतली हवा भट्टीसारखी तापते आणि सूत ठिसूळ होते. पॅच पुठ्ठ्यावर चिकटवू नयेत, लॅमिनेट करू नयेत, धुऊ नयेत, इस्त्री फिरवू नये. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटते. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे वापरावीत, किंवा खळ पूर्ण निघेपर्यंत धुतलेल्या मांजरपाटात पॅच सपाट ठेवावेत. डांबरगोळ्या सुताला किंवा जरीला टेकू देऊ नयेत.

कसर लागलेले लोकरी पॅच ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळे करा. प्रत्येक पॅच सुती कापडात गुंडाळून, हवा दाबून काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात नव्हे, तर उणे १८ अंशांपर्यंत जाणाऱ्या डीप फ्रीजरमध्ये किमान दोन आठवडे ठेवा. अळ्या आणि अंडी त्याने मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका; उघडली तर बाहेरचा दमटपणा गार लोकरीवर धरतो आणि रंग फुटतो. एक पूर्ण दिवस ती तशीच टेबलावर राहू द्या, आणि पिशवीबाहेरचे दव सुकल्यावरच पॅच बाहेर काढून मऊ ब्रशने झटकून घ्या.